भागुजी स्कोअर लिहितो

बाभूळतळे गावात भागुजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे आळशी नव्हे. कामाला कधी मागे हटायचा नाही. कुणाशी भांडायचा नाही. खोटं बोलणं तर त्याला जमतच नव्हतं. अडचण एकच होती. त्याला जे सांगाल, ते तो करायचा. अगदी तेच करायचा.

एकदा घरी पाहुणे आले. त्याची आई कौसाबाई चुलीपाशी होती. तिथूनच तिनं हाक मारली, "भागुजी, पाव्हण्यांना पाणी विचार रं!"

भागुजी पाहुण्यांसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "तुमच्याकडं पाणी कसं हाय?"

पाहुणे म्हणाले, "कसलं पाणी! विहिरी आटल्या. टँकर येतो."

"किती दिवसांनी येतो?"

पाहुण्यांनी सांगितलं. मग भागुजीनं विचारलं, हंड्याला रांग किती लागते. तेही त्यांनी सांगितलं. पाण्यावर बोलून बोलून पाहुण्यांच्या घशाला कोरड पडली. शेवटी ते उठले आणि शेजारच्या घरी जाऊन तांब्याभर पाणी प्याले.

कौसाबाई बाहेर आली. "पाव्हणं कुठं गेलं? पाणी विचारलंस का?"

"सगळं विचारलं," भागुजी म्हणाला.

तर असा हा भागुजी. आणि अशा भागुजीच्या हातात एके दिवशी दोन गावांचं नशीब आलं.

त्याचं असं झालं. बाभूळतळ्याच्या शेजारी खडकमाळ नावाचं गाव. दोन्ही गावांच्या मधोमध फाटा. फाट्यावरून डावीकडे वळलं की बाभूळतळे, उजवीकडे वळलं की खडकमाळ, आणि सरळ गेलं की उंबरठाण. एसटी सरळ जायची. बाभूळतळ्यालाही वळायची नाही आणि खडकमाळलाही वळायची नाही. तालुक्याला जायचं तर अंधारात उठून फाट्यापर्यंत चालायचं. कौसाबाई रोज तशीच जायची, डोक्यावर मेथी-शेपूची पाटी घेऊन. पाटी वाहून वाहून तिची मान आखडून गेली होती. कुणी मागून हाक मारली तर तिला नुसती मान वळवता यायची नाही. ती सगळीच वळायची.

दोन्ही गावांनी अर्जावर अर्ज केले. आम्हाला मुक्कामी गाडी द्या. रात्री गावात थांबेल आणि सकाळी गावातूनच निघेल. शेवटी डेपोचे साहेब म्हणाले, "गाडी एक आहे आणि गावं दोन आहेत. मुक्काम कुठं ते तुम्हीच ठरवा. गुरुवारी संध्याकाळी गाडी फाट्यावर येईल. तिथं एक माणूस उभा करा. तो सांगेल त्या गावाला गाडी वळेल आणि कायमची तिथंच मुक्कामाला राहील. पण फाट्यावर माणूस नसला, किंवा दहा माणसं भांडताना दिसली, तर ड्रायव्हर सरळ उंबरठाणला जाईल. मग परत माझ्याकडं यायचं नाही."

गाव ठरवायला दोन्ही गावांची बैठक बसली. पहिली बैठक कुणी कुठं बसायचं यावरून मोडली. दुसरी बैठक, पहिली कुणी मोडली यावरून मोडली. मग तरुण पोरं म्हणाली, क्रिकेटचा सामना खेळू. जो जिंकेल त्याची गाडी.

हे सगळ्यांना पटलं. पण स्कोअर कोण लिहिणार? मागच्या सामन्यात दोन्ही गावांचे आपापले लिहिणारे होते. बाभूळतळ्याच्या वहीत बाभूळतळे जिंकलं होतं. खडकमाळच्या वहीत खडकमाळ जिंकलं होतं. दोन्ही गावांनी मिरवणुका काढल्या होत्या आणि त्या फाट्यावर समोरासमोर आल्या होत्या. पुढचं सांगत नाही. फाट्यावरचा मैलाचा दगड तेव्हापासून तिरका आहे.

या वेळी लिहिणारा एकच हवा होता. आणि तो खोटं न लिहिणारा हवा होता. दोन्ही गावं नावं घेऊ लागली. बाभूळतळ्याच्या पदवीधरांना खडकमाळनं नकार दिला. खडकमाळच्या पदवीधरांना बाभूळतळ्यानं नकार दिला. कुणीतरी तलाठ्याचं नाव घेतलं, तेव्हा दोन्ही गावं बऱ्याच वर्षांनी एकत्र हसली.

शेवटी उरला भागुजी. खडकमाळचा कप्तान बापू पैलवान म्हणाला, "तो तुमच्या गावचा हाय खरा. पर त्याला आपलं-परकं कळत न्हाई. आम्हाला चालंल."

बाभूळतळ्याचे कप्तान स्वतः सरपंच होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. ते कप्तान होते, कारण बॅट त्यांची होती. तात्या म्हणाले, "आम्हालाबी चालंल. चौथीपातुर शिकलाय. आकडे चांगले काढतो."

गुरुवारी निघताना कौसाबाईनं भागुजीचे दोन्ही खांदे धरले. "बाबा, ह्या गाडीपायी माझी मान गेली. नीट लिही. डोकं चालवू नको. सांगतील तेवढंच कर."

"आये, सांगतील तेच करीन," भागुजी म्हणाला.

हे ऐकून कौसाबाईला धीर यायला हवा होता. पण का कोण जाणे, आला नाही.

सामना फाट्याजवळच्या पडीक रानात होता. पंच होते निकाळजे गुरुजी. तालुक्याच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांना कुठल्याच गावाचं काही घेणं नव्हतं. त्यांनी भागुजीला बाभळीखाली बसवलं. समोर शाळेचा फळा उभा केला, हातात खडू दिला, शेजारी माईक ठेवला.

"सोपं आहे," गुरुजी म्हणाले. "धाव झाली की लिहायची. एकही धाव सोडायची नाही. समजलं?"

"समजलं गुरुजी. एकबी सोडत न्हाई."

खडकमाळची बॅटिंग आली. सामना सुरू झाला. बोलर लांबून धावत आला. भागुजीनं एक लिहिला. बॅटवाले धावले, एक लिहिला. चेंडूमागे दोन गडी धावले, दोन लिहिले. चेंडू कुत्र्यानं उचलला. कुत्रं धावलं. कुत्र्यामागे चार पोरं धावली. पोरांची एक चप्पल राहिली, ती घ्यायला एक पोरगं परत धावलं. भागुजीचा खडू झिजत चालला.

पहिली ओव्हर संपली. फळ्यावर सत्तावन्न होते. खडकमाळची माणसं नाचायला लागली. तात्या फळ्याकडे धावत सुटले. ते पोचेपर्यंत फळ्यावर अठ्ठावन्न झाले.

"भाग्या! चेंडू चारदा बॅटला लागला! अठ्ठावन्न कुठनं आले?"

"सत्तावन्न हुते तात्या. एक तुमचा. आत्ता धावला न्हवं का."

"आणि बाकीचे?"

"बोलर धावला. पोरं धावली. कुत्रं तर दोनदा धावलं."

"कुत्रं कुणाकडनं खेळतंय रे?"

"ते मी विचारलं न्हाई."

गुरुजी आले. त्यांनी फळा पुसला. ते शांतपणे म्हणाले, "भागुजी, ते दोघं बॅटवाले दिसतात ना? ते या टोकाकडून त्या टोकाला गेले, की एक धाव. फक्त ते दोघं. दुसरं कुणी पळालं तर तिकडं बघायचंसुद्धा नाही."

"असं व्हय!" भागुजी म्हणाला. "मग आधी सांगायचं की."

त्यानं नवा खडू घेतला आणि दोघा बॅटवाल्यांवर नजर रोवली. एक होता बापू पैलवान. दुसरा त्याचा चुलतभाऊ.

चार चेंडू नीट गेले. पाचव्या चेंडूच्या आधी खडकमाळचा मोकाट वळू मैदानात शिरला. फिल्डर पांगले. बोलर चेंडू खिशात घालून बाभळीवर चढला. बाभळीला काटे असतात हे त्याला वर गेल्यावर आठवलं. वळूनं मान खाली घातली आणि थेट बापू पैलवानाकडे निघाला. आजवर आपण किती वळू लोळवले ते बापू जत्रेत सांगत असे. आता तो पळाला. चुलतभाऊही पळाला. दोघे या टोकाकडून त्या टोकाला गेले. वळू आला. दोघे त्या टोकाकडून या टोकाला आले. वळूही आला. असं बराच वेळ चाललं. शेवटी वळूच कंटाळला आणि पलीकडच्या ज्वारीत शिरला.

गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं. "भागुजी, हे काय? आत्ता अकरा होते, आता चौतीस कसे?"

"दोघं गेले की गुरुजी. ह्या टोकाकडनं त्या टोकाला. मी एकबी सोडली न्हाई."

"अरे, पण वळू!"

"कंचा वळू? तुम्हीच म्हणाला, दुसरं कुणी पळालं तर बघायचं न्हाई. मी बघितलंच न्हाई."

"चेंडू कुठं होता?"

"बाभळीवर," बाभळीवरून आवाज आला.

बापू पैलवान धापा टाकत आला. त्यानं ऐकलं आणि तो म्हणाला, "गुरुजी, धावा तर झाल्याच. जीव मुठीत धरून काढल्यात. मोजा की!"

"वळू तुमचाच हाय!" तात्या ओरडले. "मुद्दाम सोडला!"

"माझा असता तर माझ्यामागं लागला असता व्हय?"

गुरुजींनी पुन्हा फळा पुसला. खरं तर गुरुजींना भागुजीची गरज नव्हती. ते पहिल्या चेंडूपासून डाव्या खिशात धावांचे खडे टाकत होते. खरा स्कोअर तिथं होता. पण भागुजीला बदलायचं तर पुन्हा दोन्ही गावांची बैठक घ्यावी लागली असती. त्यापेक्षा भागुजी बरा, असं गुरुजींना वाटलं.

"भागुजी," ते म्हणाले, "पळणाऱ्यांकडं बघणं बंद कर. फक्त माझ्याकडं बघ. एकेरी धावा मी तोंडानं सांगेन. बाकी हातानं. असा हात छातीसमोर आडवा हलवला, की चार. दोन्ही हात वर, की सहा. बोट वर, की बाद. माझा हात सांगेल ते लिही."

"असं व्हय! मग आधी सांगायचं की."

आता भागुजी गुरुजींकडेच बघत बसला. गुरुजींनी मघाशी गुळाचा चहा घेतला होता. तो थोडा मिशीला लागून राहिला होता. तिथं एक माशी आली. गुरुजींनी हात आडवा हलवला. भागुजीनं चार लिहिले. माशी परत आली. गुरुजींनी पुन्हा हात हलवला. पुन्हा चार. ती माशी जिद्दीची होती. खडकमाळचा स्कोअर भराभर वाढू लागला. मग गुरुजींना जांभई आली. त्यांनी दोन्ही हात वर करून अंग ताणलं. सहा.

गुळाचा चहा पोटातही गेला होता. थोड्या वेळानं गुरुजींनी खेळ थांबवला आणि शाळेतल्या सवयीनं करंगळी वर केली. मग ते लगबगीनं बाभळीमागे गेले.

भागुजी माईकवर म्हणाला, "बापू पैलवान बाद!"

बापू बॅट घेऊनच आला. "बाद? बॉल तरी टाकलाय का कुणी?"

"गुरुजींनी बोट वर केलं."

"ती करंगळी हुती, बिनडोक्या!"

"करंगळी बोटच हाय की बापू."

तात्यांनी लगेच मान हलवली. "पंचांचा निर्णय. बाद म्हंजे बाद."

"पंच कुठं हाईत?"

"येतील. त्यांना घाई करू नका."

गुरुजी परत आले. हात धुतले. फळ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटले. फळा पुसला. बापूला परत खेळायला पाठवलं. मग थकलेल्या आवाजात म्हणाले, "भागुजी, माझ्या हाताकडंही बघू नको. प्रत्येक चेंडू झाला की दोन्ही कप्तानांना विचार. ज्याला दोघंही हो म्हणतील, तेवढंच लिही."

"असं व्हय! मग आधी सांगायचं की."

भागुजी प्रत्येक चेंडूनंतर उठून दोघांकडे जाऊ लागला. चेंडू हद्दीबाहेर गेला. बापू म्हणाला, "सहा." तात्या म्हणाले, "दोन." भागुजीनं काही लिहिलं नाही. बोलरनं एकाचा त्रिफळा उडवला. तात्या म्हणाले, "बाद." बापू म्हणाला, "दांड्या वाऱ्यानं पडल्या." भागुजीनं काही लिहिलं नाही. अशा ओव्हरवर ओव्हर गेल्या. फळा कोराच राहिला.

डाव संपत आला तेव्हा तात्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ऊन लई हाय आज."

"व्हय," बापू म्हणाला.

भागुजीनं दोघांकडे पाहिलं. दोघंही हो म्हणाले होते. तो धावत गेला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ऊन लई.'

तात्या आणि बापू फळ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ वाचत राहिले.

"हे बेणं ठार बिनडोक हाय," तात्या म्हणाले.

"हाय खरं," बापू म्हणाला.

भागुजीनं तेही लिहिलं.

खडकमाळचा डाव संपला. गुरुजींनी डाव्या खिशातले खडे मोजले. एकसष्ट. बाभूळतळ्याला जिंकायला बासष्ट हवे होते. आता मधली सुट्टी झाली. दोन्ही गावांची माणसं चहाला जमली. एका बाजूला बायका बसल्या होत्या. त्यांत कौसाबाईही होती. ती मैदानाकडे बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती.

गुरुजी भागुजीशेजारी टेकले. त्यांना वाटलं, सुट्टीत तरी याला काही बिनधोक काम द्यावं. ते म्हणाले, "हे बघ, बॅटला न लागताही काही मिळतं. त्याला अवांतर म्हणतात. कुणाला बॅटला न लागता काय काय मिळालं, तेवढं नीट आठव आणि माईकवर वाचून दाखव. जमेल ना?"

"जमंल," भागुजी म्हणाला. तो बराच वेळ आठवत बसला. मग त्यानं माईक तोंडाजवळ घेतला.

"अवांतर," तो म्हणाला. कर्ण्यातून आवाज दोन्ही गावांच्या वेशीपर्यंत गेला. "तात्या सरपंच. बॅटला न लागता मिळालं, गटाराचं काम. मेव्हण्याच्या नावावर."

मैदानात कुणाच्या तरी हातातला कप खाली पडला.

"बापू पैलवान. बॅटला न लागता मिळाली, दोन घरकुलं. एकात म्हशी ऱ्हात्यात."

"ए!" बापू ओरडला.

"उपसरपंच. बॅटला न लागता मिळाला, शाळेचा पंखा. त्यांच्या माडीवर फिरतोय. गटाराचं पाइप, बॅटला न लागता, तात्यांच्या उसात."

"वायर काढा रे! वायर काढा!" तात्या ओरडले. पण माईकवाला हसून हसून खाली बसला होता.

"निकाळजे गुरुजी. बॅटला न लागता, फुकट चहा. गुळाचा." भागुजी थोडा थांबला. अजून कुणी राहिलं का ते त्यानं आठवून पाहिलं. "भागुजी. बॅटला न लागता काही मिळालं न्हाई. अवांतर संपलं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. तात्या तिकडे वळून म्हणाले, "टाळ्या कसल्या वाजवताय? सगळं खोटं हाय हे!"

एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "त्याला खोटं येत न्हाई म्हणून तर तुम्ही बसवला की वो त्याला."

मग तात्या आणि बापू मिळून भागुजीकडे आले. त्या दिवशी ते तिसऱ्यांदा एका मताचे झाले होते.

"भाग्या," तात्या दात दाबून म्हणाले, "आता तोंड उघडायचं न्हाई. एक शब्द काढायचा न्हाई. आज दिवसभर न्हाई."

"कुणी कायबी विचारू दे," बापू म्हणाला. "देव आला तरी बोलायचं न्हाई. जे काय असंल ते हातानं दाखवायचं. पंच दाखवत्यात तसं."

भागुजी म्हणणार होता, असं व्हय, मग आधी सांगायचं की. पण तोंड उघडायचं नव्हतं. म्हणून त्यानं नुसती मान हलवली.

गुरुजी म्हणाले, "आणि शेवटचं लक्षात ठेव. सामना संपला की पळत फाट्यावर जायचं. गाडी आली की ड्रायव्हरला निकाल दाखवायचा. दुसरं कुणी तिकडं जाणार नाही. गर्दी दिसली की भांडण वाटेल, आणि गाडी निघून जाईल. दोन्ही गावं हद्दीच्या आतच थांबतील. कबूल?"

दोन्ही गावं म्हणाली, कबूल. भागुजीनंही मान हलवली. निकाल दाखवायचा. हातानं.

बाभूळतळ्याचा डाव सुरू झाला. भागुजी आता फळ्याला हातही लावत नव्हता. गुरुजींनी उजव्या खिशात खडे टाकायला घेतले. खेळ एकाएकी सरळ चालू लागला. कुणी आरडाओरडा करेना. अवांतर पुन्हा सुरू होईल अशी सगळ्यांना धास्ती होती. चाळीस झाले. पन्नास झाले. गडी बाद होत गेले. शेवटची ओव्हर आली तेव्हा सूर्य खाली उतरला होता. शेवटचा एक चेंडू राहिला. अठ्ठावन्न झाले होते. जिंकायला चार हवे होते. आणि बॅट तात्यांच्या हातात होती.

तेवढ्यात लांबून हॉर्न ऐकू आला. रस्त्यावर धुरळा दिसला. लाल गाडी येत होती.

बायका उठून उभ्या राहिल्या. कौसाबाईनं दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते तिलाही कळलं नाही.

बोलर धावत आला. तात्यांनी डोळे मिटले आणि बॅट फिरवली. चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि मागे सुटला. मागे बापू पैलवान उभा होता. तो वाकला. पैलवान माणूस, वाकायला वेळ लागला. चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून गेला आणि गडगडत हद्दीबाहेर पडला.

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी हात छातीसमोर आडवा हलवला.

"गुरुजी!" बापू ओरडला. "माशी का चार?"

"चार!" गुरुजी म्हणाले.

बाभूळतळे जिंकलं होतं. खरोखर जिंकलं होतं. बापूनं टोपी काढून जमिनीवर आपटली. मग ती उचलली, झटकली आणि म्हणाला, "गेला माझ्याच पायातनं. काय बोलायचं! गाडी तुमची तात्या." दोन्ही गावांना आता भांडायला काही उरलंच नव्हतं.

"भागुजी, पळ!" कौसाबाई ओरडली. "गाडी आली! पळ बाबा!"

भागुजी पळाला. फाट्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. दोन्ही गावं कबूल केल्याप्रमाणे हद्दीच्या आत थांबली. एकही माणूस बाहेर आला नाही. तात्यांनी तर लोकांना अडवायला दोन्ही हात पसरले होते.

गाडी आली. कोरी करकरीत दिसत होती. पुढे झेंडूचा हार होता. काचेमागे काळी पाटी होती. तिच्यावर 'मुक्काम' एवढंच लिहिलं होतं आणि पुढची जागा मोकळी होती. कंडक्टर खडू घेऊन पुढे येऊन उभा होता. ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि डोकं बाहेर काढलं.

"काय पाव्हणं, ठरलं का? कुठं वळवू?"

भागुजीनं तोंड घट्ट मिटलं. निकाल काय लागला? चार. त्यानं हात छातीसमोर धरला आणि आडवा हलवला.

"न्हाई म्हणतोय," ड्रायव्हर कंडक्टरला म्हणाला. मग पुन्हा डोकं बाहेर काढलं. "बाभूळतळ्याला वळू?"

भागुजीनं हात हलवला. चार.

"मग खडकमाळला?"

भागुजीनं हात हलवला. कुणी कितीदाही विचारलं तरी निकाल चारच होता.

"दोन्हीकडं नको?"

भागुजीला वाटलं, ड्रायव्हरला नीट दिसलं नसावं. त्यानं दुप्पट जोरानं हात हलवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"कसला समजूतदार माणूस हाय बघा," कंडक्टर म्हणाला. "एवढं भांडले, आणि शेवटाला दोघांनीबी सोडून दिली." त्यानं मोकळ्या जागेत ठळक अक्षरात 'उंबरठाण' लिहिलं. घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडीनं धूर सोडला आणि सरळ निघाली.

मैदानातून एकच आरडाओरडा उठला. आता कुणी हद्दीच्या आत थांबेना. तात्या पळाले, बापू पळाला, गुरुजी पळाले. त्यांच्या दोन्ही खिशांतले खडे उधळले. पण सगळ्यांच्या आधी पोचली कौसाबाई. इतकी वर्षं तो रस्ता तिच्या पायाखालचा होता.

"अरे, काय केलंस रं!" ती धापा टाकत म्हणाली. "गाडी गेली की! कुठं टेकलीसुद्धा न्हाई! थेट गेली हद्दीबाहेर!"

भागुजीनं वळून पाहिलं. खरंच की. गाडी कुठंही टेकली नव्हती. थेट हद्दीबाहेर गेली होती. त्याचा चेहरा उजळला. तो धावत येणाऱ्या दोन्ही गावांकडे वळला आणि त्यानं आनंदानं दोन्ही हात वर केले.